जागतिक समस्या आणि हातभर कापड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'हवामानबदल व जागतिक समस्यांवरील अभिनव उपाय' हा विषय घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना स्पष्ट नकार दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसून काढली. अशा विषयावर एखाद्या प्राध्यापकांनी बोलावे, असे माझे मत होते व आजही आहे. परंतु चिटणीस म्हणाले, "अण्णा, तुम्ही कापडावरच बोला, पण विषय आमचाच राहू द्या." त्यांनी हे थट्टेने म्हटले असावे. मी मात्र ते मनावर घेतले. म्हणून आज मी आपणांसमोर हातभर कापडाविषयीच बोलणार आहे. ते कापड आपल्या प्रत्येकाच्या घरात होते आणि त्याचे नाव गाळणे.

आपल्याकडे गाळण्याचे माप सांगितलेले आहे. छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद, आणि तेही दुहेरी. चोवीस अंगुळे म्हणजे एक हात, म्हणून मी हातभर म्हणालो. आमच्या आजी चातुर्मासाच्या आधी दुकानात येत, तेव्हा त्या मांजरपाटाचा तागा उलगडायला लावीत आणि कापड दाराच्या उजेडाकडे धरून पाहत. पलीकडचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसला, तर ते कापड परत. खळ दिलेले कोरे कापड जाड भासते, धुतल्यावर त्याचे खरे रूप कळते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलो, पण कापडाची वीण पाहायला आजींकडून शिकलो.

पाणी गाळून झाले की काम संपत नसे. गाळण्यावर जे उरले ते, म्हणजे जिवाणी, गाळलेल्याच पाण्याने अलगद उतरवून घ्यायची आणि ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेले लहान भांडे असे. ते दोराने पाण्यापर्यंत उतरवून मग हलकेच उलटे करीत. वरून फेकले तर आपटून जीव मरतील, ही त्यामागची काळजी. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकणे हाही दोष मानला जाई. लहानपणी मला हा सारा खटाटोप अनावश्यक वाटे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी इतकी यातायात कशाला, असे मी एकदा आजींना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. दोर माझ्या हाती दिला.

आता मी आपणांस आमच्या दुकानातील एका हमालाची गोष्ट सांगतो. ते दुष्काळी भागातील खेड्यातून आले होते. गठ्ठे उचलण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. एका उन्हाळ्यात ते लंगडत येऊ लागले. घोट्याजवळ फोड आला होता, तो फुटला आणि त्यातून पांढरा दोरा दिसू लागला. तो नारू होता. त्यांनी त्याचे टोक एका काडीला गुंडाळले होते व रोज अर्धा-पाऊण इंच, जेवढा सुटेल तेवढा, ते ओढून घेत. अधिक ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. जवळजवळ महिनाभर ते दुकानाच्या पायरीवर पाय पुढे करून बसलेले मी पाहिले आहेत. त्या महिन्याची मजुरी त्यांना मिळाली की नाही, हे विचारण्याचे माझे वय नव्हते. आज ते विचारले नाही याचे वाईट वाटते.

तरुण श्रोत्यांपैकी बहुतेकांनी नारू हा शब्दही ऐकला नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत किंवा तळ्यात सायक्लॉप्स नावाचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जीव असतो. नारूची अळी या जिवाच्या पोटात वाढते. असे पाणी माणूस प्यायला की सायक्लॉप्स पोटात विरघळतो, अळी मात्र जगते. सुमारे वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायातून बाहेर येऊ लागते. आग असह्य होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी ती मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. तेथे पुन्हा सायक्लॉप्स आहेतच. या रोगावर लस नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही. उपाय एवढाच, की पाणी कापडाने गाळून प्यावे आणि नारू झालेल्याने पिण्याच्या पाण्यात उतरू नये.

भारत सरकारने १९८३-८४ च्या सुमारास नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले जात होते. आपला महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरी बांधून बंदिस्त केल्या गेल्या, हातपंप बसले आणि घरोघरी गाळण्याचे कापड पोचवण्यात आले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आपल्या देशाने केलेल्या इतक्या मोठ्या कामाची आठवण एखाद्या चौकातील फलकावरही मला आजवर दिसलेली नाही.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. या मोहिमेत टेमेफॉस नावाचे औषध विहिरींत टाकून सायक्लॉप्स मारलेही गेले. आपण अहिंसेचे उपासक आहोत, आपल्याला ते खटकणारच. परंतु ज्यांनी ते केले त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही, कारण ती पायरी आणि ती काडी माझ्या डोळ्यांसमोर आहे. एवढे मात्र म्हणेन, की साऱ्या उपायांत माणूस आणि सायक्लॉप्स या दोघांनाही जगू देणारा उपाय गाळण्याचा होता.

भारताबाहेर हे काम अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने १९८६ पासून पुढे नेले. त्या वर्षी जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. आफ्रिकेत सुती कापड लवकर तुंबते आणि कुजते, म्हणून कार्टर यांनी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांकडून खास नायलॉनचे धागे व त्यांचे जाळीदार कापड बनवून घेतले. गुराख्यांसाठी व भटक्या लोकांसाठी गळ्यात अडकवता येईल अशी नळी निघाली. तिच्या तोंडाशी तीच जाळी. तळ्यावर वाकायचे आणि नळीने पाणी ओढून प्यायचे. सुदानमध्ये यादवी युद्ध चालू असताना १९९५ साली कार्टर यांनी दोन्ही पक्षांशी बोलून जवळजवळ सहा महिने शस्त्रे थांबवली आणि त्या अवधीत आरोग्यसेवकांनी गावोगावी गाळण्याची कापडे वाटली. युद्धांची कारणे आपण इतिहासात पुष्कळ वाचली. पाणी गाळण्याच्या कापडासाठी युद्ध थांबल्याचे मला दुसरे उदाहरण ठाऊक नाही. आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा कार्टर यांनी २०१५ मध्ये बोलून दाखवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी साऱ्या जगात नारूचे १५ मानवी रुग्ण नोंदले गेले. इच्छा थोडक्यात राहिली. चाडसारख्या देशात कुत्र्यांनाही नारू होतो असे आढळल्याने शेवटची पावले अवघड झाली आहेत.

आपण म्हणाल, हा झाला रोगाचा इतिहास, यात हवामानबदल कोठे आला? तो पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या वाटेने येतो.

रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी सारे आयुष्य कॉलऱ्याच्या जंतूचा अभ्यास केला. रोगाची साथ नसते तेव्हा हा जंतू राहतो कोठे, असा त्यांचा प्रश्न होता. खाडीच्या व समुद्रकाठच्या पाण्यात, सायक्लॉप्सच्याच गोतावळ्यातील सूक्ष्म जिवांना चिकटून तो राहतो, असे त्यांनी दाखवले. अशा एकेका जिवावर हजारो जंतू असतात. पाणी उबदार झाले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खाणारे हे जीव वाढतात आणि त्यांच्यासोबत जंतूही. बंगालच्या उपसागराच्या पृष्ठभागाचे तापमान आणि बांगलादेशातील कॉलरा यांचा संबंध उपग्रहांच्या नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनात मांडला गेला. समुद्र तापू लागला, चक्रीवादळे व पूर वाढले, तर याचा अर्थ काय होतो, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. आफ्रिकेतील मलावी देशात २०२२ मध्ये वादळे व पूर आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीत तेथे सतराशेहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी जगभर साथी इतक्या उसळल्या, की लस कमी पडली आणि ऑक्टोबरपासून साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा देण्याची वेळ आली.

कॉलवेलबाई आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी अन्वारुल हक यांनी उपाय शोधला तो ऐकून मी थक्क झालो. बांगलादेशातील गरीब घरात पाणी उकळायला जळण नसते. १९७० च्या दशकापासून कूपनलिका खोदल्या गेल्या, त्या बऱ्याच ठिकाणी आर्सेनिक देऊ लागल्या, म्हणजे एका उपायातून दुसरे विष निघाले. पण प्रत्येक घरात एक वस्तू असते, जुनी साडी. सप्टेंबर १९९९ ते जुलै २००२ या काळात मतलब भागातील ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत हा प्रयोग झाला. काही गावांतील स्त्रियांना घागरीच्या तोंडावर जुनी सुती साडी चार वेळा दुमडून धरण्यास व नंतर ती खळबळून उन्हात वाळवण्यास शिकवले. काही गावांना नायलॉनची जाळी दिली. काही गावे तुलनेसाठी तशीच ठेवली. साडीने गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. साडीचा निकाल खास जाळीपेक्षाही थोडा सरस ठरला.

येथे कापडवाल्याने दोन शब्द बोलावेत. कॉलऱ्याचा एकटा जंतू कोणत्याही साडीतून सहज निघून जाईल, तो इतका लहान असतो. पण तो ज्या जिवावर बसलेला असतो तो जीव अडकतो. प्रवासी बारीक असला तरी त्याची बैलगाडी फाटकातून जात नाही, असे समजा. आणि साडी जुनीच का? नव्या साडीत सूत पिळदार व ताणलेले असते, दोन धाग्यांमधील फट स्वच्छ मोकळी असते. वारंवार धुतल्याने खळ जाते, सूत फुगते, त्याचे बारीक तंतू सुटून त्या फटीत पसरतात. चार घड्यांनंतर भोक सुमारे २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे होते. आमच्या आजी घट्ट विणीचे कोरे कापड धुऊन वापरीत, नेसलेले वस्त्र गाळण्याला चालत नसे. बांगलादेशच्या बाईने तोच घट्टपणा जुनेरातून मिळवला. आयुष्यभर नवे कापड विकणाऱ्या माझ्यासारख्यास हे थोडे लागलेच. ज्या साडीला माझ्या दुकानात किंमत शून्य, तिने एवढे काम केले.

अशा वेळी आपल्या सभांमधून एक वाक्य हमखास येते, की हे सर्व आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होते. त्यावर टाळ्याही पडतात. मला ते मान्य नाही. आपल्या पूर्वजांनी पाणी गाळले ते त्यातील त्रस जीव वाचावेत म्हणून. स्वतःचा रोग टाळणे हा त्यांचा हेतू नव्हता आणि कॉलऱ्याचा जंतू त्यांनी पाहिलेला नव्हता. तो मान सूक्ष्मदर्शकावर वर्षानुवर्षे डोळे शिणवणाऱ्यांचा आहे. आमच्या आजींचे पाठचे भाऊ पटकीने गेले. घरात गाळलेल्या पाण्याचा नियम होता, पण यात्रेहून परतताना वाटेत कोठेतरी ते पाणी प्यायले. नियम घरापुरता राहिला. आणि ४८ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, हे हिशेबाच्या माणसाने विसरू नये.

तरीही आपल्या परंपरेत एक गोष्ट आहे, जी त्या प्रयोगाला फार कष्टाने मिळवावी लागली, आणि ती म्हणजे नेम. प्रयोगानंतर सुमारे पाच वर्षांनी शास्त्रज्ञ त्या गावांत पुन्हा गेले. सात हजारांवर स्त्रियांना विचारले. ३१ टक्के अजून पाणी गाळीत होत्या. आश्चर्य असे, की ज्या गावांना काहीच शिकवले नव्हते, तेथेही २६ टक्के घरे आता गाळू लागली होती. शेजारणीचे पाहून शेजारीण शिकली. मला या दोन आकड्यांचा आनंदही होतो आणि काळजीही वाटते. मूल वाचते हे डोळ्यांनी पाहूनही बहुतेकींची सवय सुटली. आपली तर पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. ती सोडायला आपल्याला एक नळ पुरला.

आता गाळण्याने काय होत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी कापड विकायला उभा आहे असे होईल. काविळीचा विषाणू कोणत्याही कापडाने अडत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली, तेव्हा ज्यांच्या घरी गाळणे होते तेही आजारी पडले. तेथे उकळणे व शुद्ध केलेला पुरवठा यांवाचून गत्यंतर नाही. विरघळलेले मीठ, आर्सेनिक व रंगही कापडाने अडत नाहीत. आणि रंगाचे पाणी नदीत येते ते आपल्याच धंद्यातून. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी बिघडवली, की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे तेथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता पाणी व मीठ पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. अभिनव उपाय म्हणून तिचे नाव घेतले जाते व ते योग्यच आहे. मात्र उरलेले खारे पाणी आटवायला इंधन जाळावे लागते, म्हणजे नदी वाचते आणि धूर वाढतो. अप्काय जीव वाचवताना वायुकाय दुखावतो, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. यावर सोपे उत्तर मजजवळ नाही. मी माझ्या बाजूने एवढेच करू शकतो, की माल घेताना भाव व रंग यांच्याबरोबर रंगाचे पाणी कोठे सोडता, हेही विचारावे. चाळीस वर्षांत पहिली तीस वर्षे मी हा प्रश्न एकाही व्यापाऱ्यास विचारला नाही. विचारू लागल्यावर दोघांनी माझ्याशी व्यवहार कमी केला.

आता घरचा विषय. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या धर्मशाळेत आरओ यंत्राची मोठी पाणपोई उभारण्यासाठी देणगी जाहीर झाली आहे. देणगीदार माझे स्नेही आहेत, माझ्यावर रागावणार नाहीत अशी आशा करतो. घरगुती धाटणीचे आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. ज्या पाण्यात क्षार कमी आहेत, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, तेथे असे यंत्र लावू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच म्हटले आहे. आपले नळाचे पाणी किती क्षारांचे आहे, हे आपण तपासलेले नाही. आधी तपासावे. क्षार कमी निघाले तर त्या देणगीत साधी गाळणी, अतिनील किरणांचे यंत्र आणि टाकीची वर्षातून चार वेळा स्वच्छता एवढे बसेल व शिल्लकही उरेल. क्षार जास्त निघाले तर आरओ अवश्य बसवावे, पण त्याचे टाकाऊ पाणी मोरीत जाऊ नये, फरशा धुण्यास व शौचालयात वापरावे. दोन्ही प्रसंगी नळाच्या तोंडाशी बांधायला गाळण्याचे कापड माझ्या दुकानातून येईल, त्याचे बिल नाही.

शेवटी आपल्या मंदिराच्या विहिरीविषयी. तिच्यावर फरशी टाकून तेथे दुचाकी वाहने लावली जातात, हे आपण रोज पाहतो. ती कोरडी पडली म्हणून बुजवली, असा माझा समज होता. जुन्या कारकुनांनी परवा सांगितले, की फरशी टाकली तेव्हा तिला पाणी होते, नळ आल्यामुळे कोणी काढत नव्हते एवढेच. भांडारात शोधताना कडीचे ते लहान भांडे मला सापडले. कडी शाबूत आहे, दोर नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता दोन गवंडी घेऊन मी तेथे येणार आहे. अध्यक्षमहाराजांनी परवानगी दिलेली आहे. एक फरशी काढून खाली पाणी आहे का, हे पाहावयाचे आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे आणि कृपा करून शनिवारी रात्री आपली वाहने तेथून हलवावीत.